बंद फाटकाखालून

आत्ताच घरी आलोय, चहाही घेतलेला नाही. आधी इथे लिहितो.

रेल्वे फाटकं सुरक्षित आणि कमी आवाजाची कशी करायची, हे डिझाइन करणं माझं काम. खडकीत घराजवळच्या फाटकावर आमची नवी घंटा बसली आहे. ती रस्त्यावर नीट ऐकू येते, आजूबाजूच्या घरांत त्रास देत नाही. आज ऑफिसातून येताना मुद्दाम थांबलो.

घंटा वाजली, फाटक पडलं आणि माणसं सवयीने दांड्याखालून वाकून जायला लागली.

त्यांत आमच्या सोसायटीतले एक काका होते. गाड्यांच्या हॉर्नमुळे झोप होत नाही म्हणून हेच सगळ्यांत जास्त भांडले होते. मला पाहून त्यांनी दांडा थोडा उचलून धरला. "या साहेब, गाडी लांब आहे अजून."

सिग्नलला आपण कुणाला पुढे जाऊ देत नाही. इथे मात्र केवढं सौजन्य.

मी म्हटलं, "काका, लोक असे रुळांवर येतात म्हणून तर ड्रायव्हर हॉर्न वाजवतो."

"मग तुमची घंटा कशाला आहे?" असं म्हणून ते गेलेसुद्धा.

मागून एक स्कूटरवाला माझ्यावर हॉर्न वाजवायला लागला. "जायचं नसेल तर बाजूला व्हा की."

मी बाजूला झालो. तो स्कूटर आडवी करून खालून गेला. तेवढ्यात गाडी आली, हॉर्न देतच आली. स्कूटरवाला थोडक्यात वाचला.

गाडी गेल्यावर पलीकडे पाहिलं. काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

आता मी आणखी काय डिझाइन करायचं, ते तुम्हीच सांगा.