वैनीच्या आडात गेलेला गाळ

तळ्याच्या चढावरची जागा मुलानं घरासाठी घेतली तेव्हा मी लई खुश होतो. गावठाणात दाटीवाटीनं राहून जीव विटला होता. आमचं गाव मुरुडकडचं. खाली साठवण तलाव, वर मुरमाड उतार, आणि उताराच्या पायथ्याला माझ्या थोरल्या भावाच्या बायकोचं, वैनीचं घर. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, वैनी एकटीच राहते. तिच्या दारात आड हाय. त्याचं पाणी ती पिते आणि शेजारची चार घरं पितात.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण बांधाच्या कामात मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दुष्काळी कामावर मी मुकादम होतो. या शिवारातले निम्मे बांध माझ्या देखरेखीखाली झाले. पाणी कुठून येतं, कुठं वळतं, माती कुठं धरते, हे मला नुसतं उभं राहून कळतं, असं मी सगळ्यांना सांगायचो.

घरावर पत्रे पडले आणि ग्रामपंचायतीचा कागद आला. तळं गाळानं भरत चाललंय, म्हणून उतारावरच्या घरांनी पत्र्याचं आणि अंगणाचं पाणी सरळ खाली सोडू नये, शोषखड्डा घ्यावा, पावसाळ्यात माती उघडी ठेवू नये, घराच्या खालच्या अंगाला गवताचा पट्टा लावावा. मुलानं वाचून दाखवलं. मी म्हणालो, ठेव खिळ्याला अडकवून.

त्याच उन्हाळ्यात तळं आटलं. तळं आटलं की आमच्याकडं जो तो ट्रॅक्टर घेऊन गाळ काढायला जातो. शेतात पसरला की दोन-तीन वर्षं पिकाला जोर राहतो. आम्हीही शेतात टाकला आणि माझ्याच हट्टानं तीन ट्रॉल्या घरामागच्या उतारावर ओतल्या. मुरमात काही उगवत नाही. वांगी-दोडक्यापुरती माती व्हावी, एवढाच विचार. खालच्या अंगाला कमरेएवढा ताल, म्हणजे नुसत्या दगडांचा बांध, रचला, शेतात रचतात तसाच.

मग तालुक्याहून तपासणीला एक इंजिनियर पोरगी आली. घराभोवती फिरली, पत्र्याची पन्हाळ बघितली. पन्हाळीचं सगळं पाणी एकाच पाईपातून मागं पडत होतं. गाळ हलका असतो, मुरमावर घसरतो, आधी पाईप खड्ड्यात घ्या आणि गाळावर गवत लावा, असं तिचं म्हणणं. मला राग आला.

“बाई, तुमचं जेवढं वय हाय ना, त्याच्या दुप्पट बांध घातलेत मी.”

“मग एक माझ्या मापानं घाला, बाबा,” ती म्हणाली. “शेतावर पत्रे नसतात.”

सुनेनं दिलेला चहा घेऊन ती गेली. जाताना खड्ड्याचं माप त्याच कागदाच्या मागं लिहून गेली. मुलानं टिकाव उचलला, तर मी त्याच्या हातातून काढून घेतला. मी जिता असेपर्यंत या घरात पाण्याचं मला कुणी सांगायचं नाही, म्हणालो.

पावसाळ्याचे पहिले महिने बारीक पाऊस झाला. तालानं सगळा झेलला. मी मुलाला रोज नेऊन दाखवायचो. तो हां म्हणायचा.

उत्तरा नक्षत्रात एक दिवस दुपारी असा पाऊस लागला की खालचं तळं दिसेना. शेतातलं पाणी पसरून येतं, थोडं मुरत, थोडं रेंगाळत येतं. पत्र्यावर थेंबभरही मुरत नाही. सगळं त्या पाईपातून एका जागी आदळत होतं. तिथं गाळात खड्डा पडला, मग घळ पडली, मग ताल मधोमध फुगला आणि बसला. मी मागच्या दारात उभा राहून बघत होतो. काळं पाणी उतरत वैनीच्या अंगणात शिरलं. आडाचा कठडा बुटका. गेलं आत, उरलेलं खाली तळ्यात.

पाऊस उघडल्यावर खाली गेलो. वैनी कमरेवर रिकामी कळशी घेऊन आडापाशी उभी होती.

“भावजी, तळ्यातला गाळ तळ्याला माघारी दिलात,” ती म्हणाली. “वाटंत माझा आड तेवढा भरला.”

मी कठड्यावरून वाकून बघितलं, आत काळा चिखल होता.

दुसऱ्या दिवसापासून पाचही घरच्या बायका पलीकडच्या वस्तीवरच्या हापशाला जायला लागल्या. वाट आमच्या घराशेजारून. कुणी वर बघायचं नाही. एक म्हातारी तेवढी ऐकू येईल असं बोलली, मुकादमाच्या कृपेनं पाय मोकळे व्हायला लागलेत. आमच्या बोअरचं पाणी मी वैनीकडं सुनेच्या हाती पाठवलं. कळशी भरलेली तशीच परत आली. तिनं घेतलं नाही म्हणून बाकीच्यांनीही घेतलं नाही.

चौथ्या दिवशी मी खिळ्यावरचा कागद काढून मुलाला दिला. वाच म्हणालो, सावकाश वाच.

खड्डा मीच खांदला. दहा घाव घालायचे आणि बसायचं. मुलाला फक्त दगड आणू दिले. तळाला मोठे, वर बारके, वर वाळू. उरलेला गाळ शेतात नेऊन टाकला. बांधावरचं मारवेल गवत ठोंबासकट उपटून उतारावर आडव्या ओळींत लावलं. ती पोरगी परत आली, टेप लावला, म्हणाली, खड्डा भरल्यावर जादा पाणी आडाच्याच दिशेनं जातंय, तोंड दुसरीकडं फिरवा. फिरवलं. वाद घालायला अंगात जोर नव्हता, आणि ती बरोबर बोलत होती.

मग आडाला मोटार लावून पाणी उपसलं, दोन माणसं उतरवून तळाचा चिखल काढला. झरे मोकळे झाले, आठवड्यात पाणी वर आलं. मधे हस्ताचा एक मोठा पाऊसही झाला. उतार जागचा हलला नाही.

ते पाणी बघायला गेलो तर बायका जमलेल्याच होत्या. वैनीनं पोहरा शेंदला, तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला.

“आधी तुम्ही प्या.”

दिसायला निवळ होतं. प्यायलो. जिभेला चिखलाची चव लागली. गोड हाय म्हणालो असतो तर त्या घटकेला सुटलो असतो. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडं होते.

“न्हाई वैनी,” मी म्हणालो. “अजून एकदा उपसावा लागंल.”

तिनं तांब्या घेतला, उरलेलं पाणी बाजूला ओतलं. बायका कळश्या उचलून हापशाच्या वाटेला लागल्या.

“उद्या या,” वैनी म्हणाली. “आज दमलात.”

मी हां म्हणालो आणि चढ चढायला लागलो. वाटेत दोनदा बसावं लागलं.