रॅमला लावलेलं हळदकुंकू

मंडळी, माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही!

सकाळी राहात्यातलं माझं झेरॉक्सचं दुकान उघडलं. उद्याच्या भरती परीक्षेची हॉलतिकिटं काढायला पोरं दारात उभी होती. कॉम्प्युटर चालू केला, तर स्क्रीन काळी आणि आतून नुसतं टूं-टूं. म्हणजे रॅमचा, आतल्या मेमरीच्या पट्टीचा घोटाळा.

रॅमची पट्टी काढली आणि मी उडालोच. पट्टीला हळदकुंकू, खाचेत अक्षता!

उकाड्यामुळे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण मी काढूनच ठेवतो. काल दसऱ्याची पूजा आईने केली होती. दुकान घराला लागूनच आहे, तिथूनच ओरडलो, "आई, आतमधी कुंकू कशाला लावलं?"

"बाहत्तरच्या दुष्काळात विहिरीवर इंजिन आलं, तवापास्नं मी आतल्या चाकालाच लावते. वरच्या पत्र्याची कसली पूजा?"

पट्टी खोडरबराने घासली, खाच ब्रशने साफ केली. कॉम्प्युटर सुरू झाला.

तेवढ्यात आई दुकानात आली, पोरांना म्हणाली, "बघा, पूजा केलती म्हनून चालू झाला!" आणि माझ्यादेखत परत कुंकवाची वाटी उचलली.

तुम्हीच सांगा, झाकण पुरेल की कुलूपच लावू?