नातीच्या डोक्याएवढी फट

माझी शाळा दुसरीपर्यंत, ती बी उर्दूत. पण सुतारकामात आमच्या खटकचिंचोळीत माझ्या मापाला कुणी नावं ठेवली नव्हती. म्हैसूरचं कर्नाटक झालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी घरावर माडी चढवली. जिन्याला सागवानी कठडा मीच केला. दोन दांड्यांमधी मूठ आणि वर उभा अंगठा एवढी फट ठेवली. माझ्या वडिलांचं माप तेच.

तेव्हाच लेक माहेरपणाला आली, रांगती नात घेऊन. सोडायला जावई आले होते. ते सरकारी ओव्हरसियर. त्यांनी कठड्याला टेप लावला.

"मामा, सहा इंच हाय. आम्ही चारच्या वर ठेवू देत न्हाई. लेकरू निसटतंय."

"तुमचा नियम सरकारी जिन्याला, जावईबापू. हे माझं घर हाय."

त्यांनी टेप गुंडाळून खिशात घातला. सासऱ्याला उलटून काय बोलणार? लेक मात्र माझ्यावरच गेलेली. "अप्पा, मधी दांडे घाला, न्हाईतर मी बी उद्या ह्यांच्यासंगं माघारी जाते."

"कामून? बापाच्या हातावर भरवसा न्हाई?"

तिनं सोडलेली पिशवी पुन्हा बांधायला घेतली.

माझी बायको चुलीपासून उठली. तिनं नातीची कुंची घेतली, आत चिंध्या कोंबल्या, नातीच्या डोक्याशी लावून लावून बरोबर तेवढीच केली. मग वरच्या पायरीवर बसून दांड्यांतून ढकलली. कुंची कुठंच अडकली नाही. सरळ खाली शहाबादी फरशीवर पडली.

"घ्या," ती म्हणाली, "पडली तुमची नात."

मी खाली जाऊन कुंची उचलली. तिला टाळूच्या तेलाचा वास येत होता. वडिलांचं माप चुकीचं होतं, असं मी आजही म्हणणार नाही. त्यांनी कधी माडी बांधली नव्हती, एवढंच.

सकाळी जावई निघाले तेव्हा मी पटाशीनं खोबणी पाडत होतो. प्रत्येक फटीत मधोमध एकेक दांडा.

"मामा, आता अडीचच इंच उरायलंय. चार चाललं असतं की."

"चार तुमच्या सरकारला. माझ्या नातीला अडीच."

आतून लेकीचं हसू ऐकू आलं. जावई एकटेच मोटारीला गेले.

लेक उन्हाळाभर राहिली. नात त्याच दांड्यांना धरून उभं राहायला शिकली. हात तेवढा बाहेर काढून, खाली रंधा मारत बसलेल्या माझ्या डोक्यावर चुरमुरे टाकायची. मी वर बघितलं की खिदळायची. मी पुन्हा मान खाली घालायचो, म्हणजे तिला आणखी टाकता येतील.