ताईच्या वाडीवरची हरकत

खोटं कशाला बोलू, मला माझ्या सख्ख्या बहिणीचा हेवा वाटायचा. वडिलांनी भुईगावची वाडी आम्हा दोघींत अर्धी अर्धी वाटून दिली. मी माझी अर्धी विकून मनवेलपाड्यात फ्लॅट घेतला. ताईने तिची ठेवली. माझ्या केळींच्या जागी आता इमारत आहे, आणि कुंपणापलीकडे ताईचं बावखल, वाडीला पाणी देणारं जुनं तळं, अजून काठोकाठ भरतं.

दर रविवारी मी मुलांना घेऊन जायचे. निघताना ताई पिशवी भरायची, केळी, अळू, वालाच्या शेंगा. "घे गं, तुमच्याकडे असलं कुठे मिळतं?" प्रेमानेच म्हणायची मेली, पण माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मुलंही नुसती "मावशीची वाडी, मावशीची वाडी" करायची. अरे, तुमच्या आईचीपण होती की!

मग शहराचा नवा आराखडा आला. नकाशात त्या इमारतीपर्यंत पिवळा रंग, म्हणजे घरं. ताईच्या वाडीवर हिरवा, म्हणजे फक्त शेती. ताईने पेढे वाटले. "आता कुणी हात लावणार नाही," म्हणाली. मी पेढा खाल्ला आणि दुसऱ्याच दिवशी पालिकेत हरकत देऊन आले. हिरवा पट्टा काढा, लोकांनी राहायचं कुठे? लोकांचं कसलं डोंबल! माझी गेली तशी तिचीही जावी, एवढंच मनात होतं.

हरकतींच्या सुनावणीला ताईच मला घेऊन गेली. "तू नुसती शेजारी बस, मला धीर येतो." नाही कसं म्हणणार? म्हटलं, एवढ्या गर्दीत कोणाला कळतंय. आणि तिसरंच नाव माझं पुकारलं. मी जागची हलेना. ताईच ताडकन उठली.

"साहेब, ही माझी बहीण. वाडी वाचवा म्हणून सांगायला आलीय." मग माझ्याकडे वळून हळूच, "मला बोललीसुद्धा नाहीस गं!" डोळे भरले होते तिचे.

साहेबांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला.

ताई खाली बसली. पायाशी एक पिशवी होती, रविवार नसतानाही माझ्यासाठी भरून आणलेली. ती तिने माझ्याकडे सरकवली आणि उठून गेली. "हरकत मागे घेते," मी म्हणाले, साहेबांनी लिहूनही घेतलं. ते ऐकायला ताई तिथे नव्हती.

घरी येऊन शेंगा सोलल्या, आमटी केली. मुलं मिटक्या मारत जेवली. तेव्हाही मला ताईचा हेवाच वाटला. तिच्या जागी मी असते, तर ती पिशवी दिली नसती.