बाकावर बसून राहणारे हबीबभाई

श्री. हबीबभाई सिद्दी पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि त्यांच्यावर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी जात्याच काळजीखोर. काही चुकीचे लिहून जाईन अशी धास्ती वाटते, कारण आमची ओळखच माझ्या चुकीने झाली. कंपनीच्या स्नेहसंमेलनाचे काम माझ्याकडे असे. ड्रॉइंग विभागात आलेले नवे इंजिनिअर सिद्दी आहेत एवढे कळले आणि मी त्यांना न विचारताच त्यांचे नाव नाचाच्या यादीत घातले. सिद्दी म्हणजे धमाल नाच, एवढेच आम्हा दांडिया बाजारातल्या मराठी शहाण्यांना ठाऊक. हबीबभाई यादी घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"वसुबेन, नाचणं मला फावत नाही. पंपाचं ड्रॉइंग फावतं. चालशे?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनी मात्र तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, पण कित्येक पिढ्या गुजरातेतच गेलेल्या. घरी बोलणे गुजरातीत. तरी नव्या दारात पहिला प्रश्न हाच, की कोणत्या देशाचे? म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी शिकलेल्या, नोकरी-व्यवसायातल्या सिद्दी पुरुषांचे बंधुमंडळ काढायचे ठरवले. नोंदणीला सात सह्या हव्या होत्या. बैठकीला कोणी जागा देईना, तेव्हा मी कारेलीबागेतले माझे घर दिले. मंडळ बंधूंचे, पोहे मात्र बेनचे, हे मी त्यांना आजही ऐकवते.

त्या रविवारी दुपारी पोहे निवत चालले तरी कोणी येईना. जीव थाऱ्यावर नव्हता. खाली जाऊन पाहते तो सोसायटीच्या वॉचमनने हबीबभाईंसह सातही जणांना फाटकाशी अडवलेले, आणि तो पासपोर्ट मागतो आहे. फाटकावर नावे कळवायचे मीच विसरले होते. भर उन्हात एक वकील, एक प्राध्यापक आपापली ओळखपत्रे काढून उभे होते.

वर आल्यावर सहा जणांनी सह्या केल्या. सातवे डॉ. इम्तियाज, वयाने सर्वांत लहान, पेन हातात घेईनात.

"चाचा, एकटा असतो तेव्हा लोक मला डॉक्टर म्हणतात. आपण सात जण साथे उभे राहिलो की पासपोर्ट मागतात. मी सही नाही करत."

हबीबभाई एवढेच म्हणाले, "नको करू. चहा पी."

सहा सह्यांचा तो कागद तीन महिने माझ्या कपाटात पडून राहिला. मंडळ जन्माआधीच मेले, आणि तेही माझ्या विसराळूपणाने, असे मला रोज वाटे.

पुढे डॉ. इम्तियाज नव्या दवाखान्यात रुजू झाले. हबीबभाई कोणी न सांगता पहिल्या दिवशी सकाळीच डबा घेऊन तिथे गेले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दुपारी एका रुग्णाच्या नातेवाइकाने डॉक्टरांना तोंडावर विचारले, "खरे डॉक्टर क्यारे येणार?" डॉक्टर बाहेर आले. बाकावर चाचा. दोघे एका डब्यात जेवले. संध्याकाळी माझ्या दारात डॉ. इम्तियाज उभे. "मासी, तो फॉर्म क्यां आहे?"

तेव्हापासून मंडळाचा रिवाजच पडला. कोणाही सभासदाचा कामावरचा पहिला दिवस असला की दुसरा कोणी दिवसभर बाहेर बसतो. भांडत नाही, बोलत नाही, नुसता असतो. गेल्याच महिन्यात एका नव्या प्राध्यापकांसाठी स्वतः हबीबभाई बसून आले. या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी. मी रागावले. मग विचारले, पंचाहत्तरीला काय हवे?

"हे मंडळ बंद पडावं, बेन. गरज नाही उरली, म्हणून. कुलूप मी लावेन."

हबीबभाई, ते कुलूप तुमच्याच हातून लागो. तोवर गुडघे शाबूत राहोत, भूक-झोप चांगली राहो. आणि भोवती जे दिसते आहे त्यावरून सांगते, तुम्हाला फार म्हणजे फार वर्षे जगावे लागणार आहे.