मास्टरची चौथी गाठ

निजामाच्या अमलात तामलवाडीत ‘मास्टर’ हा एकच इंग्रजी शब्द तिघांना पुरत होता. शाळेत छडी मारायचा तो मास्टर, लग्नात बँड वाजवून घ्यायचा तो मास्टर, आणि मशीनवर कपडे शिवणारा खाजामियाँ तोही मास्टरच. शाळेतल्या मास्टरला फक्त उर्दू यायचं. बँडवाला लग्नसराईपुरता दिसायचा. त्यामुळं मराठी पत्र आलं की माणसं खाजामियाँकडं यायची. मास्टर म्हटल्यावर वाचता येणारच, असं सगळे धरून चालले होते.

खाजामियाँला अक्षरओळख नव्हती. गिऱ्हाइकाचं मापसुद्धा तो दोऱ्याला गाठी मारून ठेवायचा. पण नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. तो पत्र ठेवून घ्यायचा, कापड आणायला सोलापूरला गेला की तिथं कुणाकडून तरी वाचून घ्यायचा आणि एकेका बातमीला दोऱ्यात एकेक गाठ मारायचा. गावात आल्यावर कागद डोळ्यांपुढं धरून, गाठी चाचपत घडाघडा बोलायचा.

महादेवीचा नवरा कल्याणप्पा सोलापुरात गिरणीत होता. एकदा त्याचं पत्र आलं. चार दिवसांनी मास्टरनं ते तिला वाचून दाखवलं. तब्येत बरी आहे, गिरणी जोरात चालू आहे, म्हातारीला सांभाळ. मग कागदाची घडी घालून त्यानं पुढं केली.

महादेवीनं ती घेतली नाही. ती त्याच्या बोटांतल्या दोऱ्याकडं बघत होती.

“मास्टर, तीनच गोष्टी सांगितल्या तुम्ही,” ती म्हणाली. “चौथ्या गाठीत काय हाय?”