खडकाच्या बोडीवरचं अस्वल

घरातलं कुठलंही यंत्र बंद करायची सुगंधाबाईंची एकच रीत होती: वायर ओढायची. मिक्सर असो, टीव्ही असो, की पोराचा चार्जर. अशा बाईला चिमूरजवळच्या एका संस्थेने संगणकापुढे बसवलंच कसं, याचं नवल त्यांना स्वतःलाच अधूनमधून वाटे.

काम सोपं होतं. जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो यंत्र आपोआप तपासायचं, वाघ, चितळ, अस्वल, माणूस असे वेगळे करायचं आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवायचं. बाईंनी त्याच्या चुका तेवढ्या सुधारायच्या. आठवडाभर ते रात्रंदिवस चालू होतं.

त्या दुपारी लाईनच्या दुरुस्तीसाठी वीज जाणार होती. त्याआधी यंत्र थांबवायला हवं होतं. नेमक्या तेव्हाच गावच्या वनसमितीच्या बाया पडद्यासमोर चहा पीत बसलेल्या. त्यांत सोनीबाईही होत्या, सुगंधाबाईंच्या नुकत्याच ठरलेल्या विहीणबाई.

यंत्र बसवणाऱ्या प्रणितला बाईंनी नागपूरला फोन लावला.

"वायर ओढू नका जी मावशी!" तो आधीच ओरडला. "फोटोची यादी मधातच तुटली त हप्त्याभराचं काम पाण्यात. थांबवाचं बटन दाबा. हातातल्या कॅमेऱ्याचे फोटो पुरे करून ते आपल्या मनानं थांबते."

यंत्राच्या हातात कोणता कॅमेरा आहे ते बाईंनी पाहिलं. खडकाची बोडी, जंगलातल्या छोट्या तळ्यावरचा.

हिवाळ्यात तो कॅमेरा बांधायला त्या वनमजूर मुखरूभाऊंबरोबर हौसेनं गेल्या होत्या. कॅमेरा बांधला की कुणीतरी त्याच्यासमोरून चार पायांवर चालायचं असतं, जनावर टिपलं जातं का ते कळायला. मुखरूभाऊंचा गुडघा दुखत होता. घरी फरशी पुसायलाही न वाकणाऱ्या सुगंधाबाई तपकिरी शाल पांघरून आनंदानं रांगल्या. तेवढ्यावर न भागून कॅमेऱ्याकडे तोंड वेंगाडून डरकाळीसुद्धा फोडली.

महिनाभर विहिणीसमोर पदर सावरून, मोजकं बोलून जमवलेला रुबाब आता पडद्यावर रांगत येणार होता. हात वायरीकडे गेला. वीज लवकर गेली असं सांगितलं तर कोण विचारणार? पण दाराशी मुखरूभाऊ गुडघा चोळत बसले होते. यंत्र आठवडाभर तपासत होतं ते सगळे फोटो काट्याकुट्यांतून हिंडून त्यांनीच गोळा करून आणलेले.

बाईंनी बटन दाबलं.

पडद्यावर चितळ आलं, मोर आला, मग शाल आली. यंत्रानं जराही न अडखळता खाली लिहिलं: अस्वल. पुन्हा अस्वल. मग वेंगाडलेलं तोंड आलं, कपाळावरच्या टिकलीसकट. अस्वल.

"टिकली लावणारं अस्वल?" सोनीबाई पडद्याजवळ सरकल्या. "अवं माय, हे त आमच्या इहीनबाई!"

"अस्वल त निंगाल्या जी बाई," मुखरूभाऊ म्हणाले. "मागच्या साली यानं मले रानडुक्कर म्हणलं होतं."

बायांचे चहा सांडले. सोनीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "चला, माह्या पोरीची फिकर मिटली. घरात वाघ घुसला त सासू हाये!"

यंत्र थांबलं, सगळं काम जपलं गेल्याचं पडद्यावर आलं आणि थोड्या वेळानं वीज गेली.

वीज परत आल्यावर बाई चुका सुधारायला बसल्या. एकेक फोटो उचलून 'माणूस'मध्ये टाकला. शेवटचा मागच्या बाजूनं काढलेला होता. तो त्यांनी मोठा करून पाहिला, मान तिरपी करून पाहिला आणि यंत्राचं म्हणणं तसंच राहू दिलं.